मोठ्या बोअरच्या रायफलची काडतुसं घरी भरून खरंच काय फरक पडतो?

वाशिष्ठीकाठ
मंडळी, प्रश्न जरा आडवाटेचा आहे, चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा मावसभाऊ दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतात खाणीवर इंजिनियर आहे. तिकडे शिकार कायदेशीर, हा रीतसर परवान्याने जातो. त्याच्याकडे .३७५ एच अँड एच मॅग्नम (मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची रायफल, आकडा इंचात) आहे आणि आता एक जुनी .४७० नायट्रो एक्स्प्रेस दुनळी रायफल घेतलीये. काडतुसं स्वतः भरतो, गॅरेजात त्याचा अख्खा संसार मांडलाय, प्रेस, डाय, तराजू, डायल लावलेली कॅलिपर, आणि फोन केला की तासभर तेच. म्हणतो परफॉर्मन्स सुधारतो.

आता माझं म्हणणं असं की कारखान्यात लॅब असते, मशिन असतात, शंभर वर्षांचा अनुभव असतो, आणि हा गडी रविवारी चहाचा कप बाजूला ठेवून भरतो ते त्याहून चांगलं कसं होईल? आणि परफॉर्मन्स म्हणजे शेवटी स्पीडच ना? मग थोडी जास्त दारू घालायची, झालं. त्यासाठी एवढा पसारा कशाला?

दुसरं, आमच्या खेडच्या मामांकडे आजोबांपासून आलेली एक मोठ्या बोअरची दुनळी आहे, परवाना मामांच्या नावावर, सगळं रीतसर. बरोबर एक पुठ्ठ्याचा डबा आहे जुन्या विलायती काडतुसांचा. हा विषय ऐकल्यापासून मामांनी डोकं खाल्लंय की "आपलीही अशी भरून मिळतात का बघ". तर तेही सांगा.

कातळसडा
"थोडी जास्त दारू घालायची, झालं" हे वाक्य शिमग्याला चालतं, रायफलीला नाही :)

ओलेकाजू
मला ह्यातलं शष्प कळत नाही पण धागा वाचणार. आमच्याकडे माकडांनी या वर्षी कोकम ठेवलं नाही, त्यांच्यासाठी काही .४७० वगैरे मिळत असेल तर कळवा.

सुरमई_अलास्का
वाशिष्ठीकाठ, मूळचा गुहागरचा, आता अँकरेजला असतो. इकडे हे सर्रास चालतं, मीही भरतो, मूससाठी (इकडचं भलंमोठं हरीण) आणि अस्वलाच्या मुलखात फिरताना म्हणून .३७५ च आहे माझीही. जरा लांबण लागेल पण तुमचा मुद्दाच असा आहे की एका ओळीत उत्तर देता येत नाही.

काडतुसात चारच गोष्टी. पितळेची केस, बुडाला प्रायमर (ठोका बसला की ठिणगी देणारी टोपी), आत पावडर, तोंडात बुलेट. बार उडाला की फक्त पितळ उरतं आणि तेच सगळ्यात महाग असतं. ते स्वच्छ करायचं, डायमधून काढून मूळ मापावर आणायचं, तोंड लांबलं असेल तर कापायचं, नवा प्रायमर, मोजून पावडर, नवी बुलेट. झालं हँडलोडिंग. आपल्याकडे लोकांना वाटतं काहीतरी बाँब बनवतात, तसं नाही, खरं तर हे कंटाळवाणं मोजमापाचं काम आहे आणि ज्याला कंटाळवाणं काम आवडत नाही त्याने ह्यात पडूच नये.

आता स्पीड. लहान बोअरवाले, म्हणजे तीनशे-चारशे मीटरवर हरणं वगैरे मारणारे, ते स्पीडच्या मागे असतात, ठीक आहे, त्यांचं गणित वेगळं. मोठ्या बोअरची गोष्टच उलटी. .४७० ची ५०० ग्रेनची बुलेट सुमारे २१५० फूट प्रति सेकंद जाते, हा आकडा १९०७ पासून साधारण तोच आहे. जनावर असतं पन्नास पावलांवर. तिथे शंभर फूट जास्त मिळवून काय करणार? बुलेट हाडातून सरळ आत जायला पाहिजे, बस. उलट मऊ टोकाची बुलेट ज्या वेगासाठी बनवली त्याच्यापेक्षा जोरात मारली तर ती वरच्यावर फुटते आणि आत जातच नाही. म्हणजे स्पीड वाढला आणि परफॉर्मन्स घटला.

मग घरी भरून मिळतं काय? एक, बुलेट आपल्या पसंतीची. कारखाना एकदोन प्रकार देतो, मला अख्ख्या तांब्याची हवी असेल तर मी ती घालीन. दोन, दर काडतूस मागच्यासारखंच. तीन, सराव. इकडे .४७० च्या वीस काडतुसांचा डबा शंभर डॉलरच्या बराच वर जातो, माणूस त्या किमतीत सराव करतच नाही, दुकानातून आणतो, दोन उडवतो आणि शिकारीला जातो, आणि मग तिथे खांद्याला धक्का बसेल ह्या भीतीने डोळे मिटतो. घरी भरलेल्या सौम्य काडतुसांवर ज्याने वर्षभर हात बसवलाय तो माणूस वेगळाच दिसतो.

सराफकट्टा
मधेच घुसतो. ते ग्रेन ग्रेन करताय ते आमच्याच धंद्यातलं वजन बरं का. जुना तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे ५०० ग्रेनची एक बुलेट पावणेतीन तोळ्याच्या किंचित वर भरली. आजच्या भावाने सोन्याची केली तर जनावराला मारण्यापेक्षा त्याला देऊन टाका, तेच निघून जाईल.

कातळसडा
@सराफकट्टा घडणावळ धरून की सोडून?

बाराबोअर
सुरमई, माहिती चांगली दिलीत. पण एक सांगू का, तुम्ही लोक हे फार वाढवून ठेवता. माझे वडील सावंतवाडी भागात जुन्या काळी, म्हणजे बहात्तरच्या वन्यजीव कायद्याच्या आधी, रीतसर परवान्याने शिकार करायचे. दुकानातून मिळेल ते किनॉक ह्या विलायती कंपनीचं काडतूस घालायचे. कधी तराजू नाही की कॅलिपर नाही. त्यांना कधी अडलं नाही.

बारा बोअरची, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीची, रिकामी काडतुसं मात्र भरली जायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कागदी केसची. पावसाळ्यात ती कागदी केस हवेने फुगायची आणि नळीत शिरायचीच नाही, मग अंगठ्याने दाबत बसायचं, निम्मी जायची निम्मी अडकायची. तेव्हा फणसाखाली बसून भरणारे होते, आणि हाताला दोन बोटं कमी असलेले पण होते. त्यामुळे घरच्या भरण्याचं मला फार कौतुक नाही. कारखान्याचं ते कारखान्याचं.

खाजणातलो_खेकडो
खयच्या खय गेलो धागो. हय आमच्या भातात डुकरां लोळतत आणि तुमी आफ्रिकेतले रेडे मारतास. आमची ठासणीची बंदूक निवडणुकीक ठाण्यात जमा केली ती परत इली तेव्हा नळीत हात घातलो तर तांबड्या जंगाची पूड. मगे कोणाक इचारतलंस?

ओलेकाजू
@खेकडो अगदी. निवडणूक नेमकी काजूच्या हंगामात, आणि बंदूक जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

गुरुजी_देवरूख
भौतिकशास्त्र शिकवायचो म्हणून बोलतो, बंदूक कधी हातात धरली नाही.

"जास्त दारू म्हणजे जास्त वेग" हे अर्धंच खरं. पावडर थोडी वाढवली की वेग थोडा वाढतो पण नळीतला दाब त्याच्या मानाने बराच जास्त चढतो, आणि वरच्या टोकाला तर वेग जवळपास तिथेच आणि दाब मात्र उड्या मारतो असं होतं. धक्क्याचंही तसंच, पुढे जाणाऱ्या शिशाचा आणि वायूचा जो संवेग तोच खांद्यावर. ५०० ग्रेन आणि २१५० फूट हे गणित मांडलं तर साधारण ५१३० फूट-पौंड ऊर्जा येते. माझा प्रश्न सुरमईंना असा की ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते ना, मग वेगाला तुम्ही एवढं बिनमहत्त्वाचं कसं म्हणता?

सुरमई_अलास्का
गुरुजी, कागदावर तुमचं बरोबर आहे. पण ऊर्जा कुठे खर्च झाली ते बघायला पाहिजे. बुलेट कातड्याखाली चार इंचांवर छत्रीसारखी उघडून तुकडे झाली तर तेवढीच ऊर्जा तिथेच संपली, फुफ्फुसापर्यंत काही पोचलं नाही. म्हणून जाड जनावराला वजनदार, लांब, न फुटणारी बुलेट आणि मध्यम वेग. जुन्या लोकांनी हे सूत्र न शिकता पकडलं होतं.

@बाराबोअर काका, तुमच्या वडिलांना अडलं नाही कारण तेव्हा किनॉक मिळत होतं! १९६०-७० च्या सुमारास त्यांनी मोठ्या रायफलींची काडतुसं बनवणं बंद केलं आणि जगभर शेकडो सुंदर दुनळ्या भिंतीला टांगून राहिल्या, घालायला काही नाही. मोठ्या बोअरचं हँडलोडिंग फोफावलं ते हौसेपोटी नाही, त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता. पुढे लोकांनी पुन्हा केस बनवायला सुरुवात केली तेव्हा कुठे कारखान्याची काडतुसं परत आली.

संपादक
धागा चांगला चाललाय. दोन सूचना. पावडरचं नाव आणि वजन, म्हणजे कुठल्या काडतुसात किती ग्रेन, हे इथे लिहू नये, कोणी लिहिलं तर प्रतिसाद उडवला जाईल. आणि "इथे पावडर कुठे मिळेल" असा प्रश्न कोणी विचारू नये. दोन प्रतिसाद आत्ताच उडवलेत.

लिम्पोपोचा_पाहुणा
दादाने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. तो मावसभाऊ मीच. आधी सगळं वाचून काढलं.

अरे दादा, तू फोनवर "हो हो" म्हणत होतास तेव्हाच मला कळलं होतं तुझं लक्ष नाहीये. मी स्पीड वाढवतो असं कधीच म्हटलं नाही. माझ्या .४७० चं दुखणं काय होतं ते ऐक.

दुनळी रायफलीच्या दोन नळ्या एकमेकींना समांतर नसतात. पुढे जाऊन किंचित आत वळलेल्या असतात. का, तर उजवी नळी उडाली की बुलेट अजून नळीत असतानाच धक्क्याने रायफल उजवीकडे आणि वर फिरायला लागते, डावी उडाली की डावीकडे. कारागीर ते फिरणं धरून नळ्या जुळवतो, मधल्या पाचरी सरकवून, डाग देऊन, पुन्हा उडवून, पुन्हा सरकवून, जोपर्यंत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडत नाहीत. बहुधा पन्नास ते शंभर यार्डांवर. आणि हे सगळं एका ठरावीक बुलेटला, एका ठरावीक वेगाला जुळवलेलं असतं. तो वेग बदलला की सगळं मुसळ केरात. बुलेट हळू गेली तर ती नळीत जास्त वेळ राहते, रायफल जास्त फिरते, उजवीची गोळी उजवीकडे आणि डावीची डावीकडे फाकते. जास्त जोरात गेली तर उलटं, दोघी एकमेकींना ओलांडून जातात, उजवीची डावीकडे पडते.

माझ्या रायफलीत एका नामवंत कारखान्याचं (नाव घेत नाही) काडतूस घातलं की पन्नास यार्डांवर दोन भोकांमध्ये माझा पंजा मावायचा. फाकलेली. म्हणजे त्या काडतुसाचा वेग तिच्या मूळ जुळवणीपेक्षा कमी पडत होता. काडतूस खराब नव्हतं, माझ्या रायफलीचं नव्हतं, एवढंच. मग क्रोनोग्राफ लावून, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, मॅन्युअलच्या खालच्या टोकापासून, म्हणजे भरण्याच्या पुस्तकात दिलेल्या कमीत कमी पावडरपासून, थोडं थोडं वर जात गेलो आणि कागदावर भोकं बघत गेलो. फाकलेली जवळ आली, जवळ आली, शेजारी शेजारी पडली, तिथे थांबलो. पुढे जायला जागा होती पण गेलो नाही. आता दोन्ही नळ्यांची भोकं चहाच्या बशीखाली झाकतात. मी ह्याला परफॉर्मन्स म्हणतो.

वाशिष्ठीकाठ
अरे मग हे असं फोनवर सांगायचं ना. तू सुरुवातच केलीस "दादा, क्रिंप डाय आलीय" अशी.

लिम्पोपोचा_पाहुणा
ती .३७५ साठी होती. मॅगझिनमधली काडतुसं दर धक्क्याला पुढे आपटतात, बुलेट केसच्या तोंडात घट्ट धरलेली नसेल तर आत सरकते आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला लांबीच बदललेली असते, दाब वाढतो. म्हणून तोंड दाबून बुलेटच्या खाचेत बसवायचं, तो क्रिंप. हेही मी फोनवर सांगितलं होतं.

सुरमई_अलास्का
पाहुणा, सुरेख लिहिलंत. .३७५ चा विषय निघालाच आहे तर ज्याला हौस आहे (आणि जिथे कायदेशीर आहे, संपादक, रागावू नका) त्याच्यासाठी एक गोष्ट जी मला सगळ्यात कामाची वाटते.

त्या केसच्या बुडाजवळ एक पट्टा असतो, बेल्ट म्हणतात. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, त्या पट्ट्यावर अडतं. त्यामुळे कारखाने केसच्या खांद्याच्या (जिथे ती तोंडाकडे निमुळती होते) मापाबाबत जरा सैलच असतात, पट्टा आहे ना धरायला. नवशिक्या काय करतो, डाय पार खालपर्यंत बसवून केस दाबतो, खांदा दर वेळी मागे जातो, बार उडाला की पितळ पुन्हा पुढे ताणतं, मागे, पुढे, आणि चारपाच भरण्यांत पट्ट्याच्या जरा वर पितळ पातळ होऊन केस दोन तुकडे होते. पुढचा तुकडा चेंबरमध्ये आणि समोर अस्वल.

उपाय असा की डाय इतकीच खाली घ्यायची की खांदा जेमतेम शिवला जाईल, काडतूस मग खांद्यावर टेकतं आणि ताणत नाही. आणि बघायचं कसं, तर बाहेरून पट्ट्याच्या वर एक चकचकीत कडं दिसायला लागतं. ते नाही दिसलं तरी कागदाची पिन सरळ करून टोकाला बारीक आकडा करायचा, केसच्या तोंडातून आत घालून भिंतीला घासत वर ओढायचा. पितळ आतून खचलेलं असेल तर आकडा तिथे अडखळतो, हाताला नीट कळतं. अडखळला की ती केस पक्कडीने चेपून भंगारात. मी दर वेळी सगळ्या केस अशा बघतो, बायको म्हणते दात कोरतोयस का पितळेचे.

गुरुजी_देवरूख
हे आवडलं. एक शंका, आपल्या हवामानाचा पावडरीवर परिणाम होत असेल ना? तिकडे बर्फ, इकडे वैशाख.

सुरमई_अलास्का
होतो, आणि हिंदुस्थानामुळेच तर ह्या क्षेत्रातली बरीच डिझाइन तशी झालीत! जुनं कॉर्डाइट, म्हणजे त्या काळची पावडर, शेवयांसारख्या लांब काड्या असायच्या केसमध्ये, ते उन्हात तापलं की दाब वाढायचा. इंग्लंडच्या थंडीत तपासलेलं काडतूस नागपूरच्या उन्हात उडवलं की रिकामी केस चेंबरमध्ये चिकटायची, निघायचीच नाही. म्हणून १९११ चं .४१६ रिग्बी बघा, केवढी मोठी केस, ४०० ग्रेनच्या बुलेटला सुमारे २३७० फूट वेग आणि तोही बेताच्या दाबात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रेमिंग्टन कंपनीने लहान केसमध्ये तेवढंच काम काढलं पण दाब बराच चढवून. थंड देशात चालतं, वैशाखात पोटात गोळा येतो.

आणि .४५८ विन्चेस्टर मॅग्नम, १९५६ चं, ते उलटं उदाहरण. साध्या लांबीच्या रायफलीत बसावं म्हणून केस आखूड ठेवली, मग पावडर मावेना, ती दाबून भरायची. दाबलेली पावडर वर्षानुवर्षं पडून राहिली की कधी गठ्ठा व्हायची, वेग सांगितल्यापेक्षा कमी मिळायचा, शिकाऱ्यांनी बोंब मारली. शेवटी जॅक लॉट ह्यांनी १९७१ मध्ये लांब केसचं .४५८ लॉट काढलं.

बाराबोअर
आता बोललात ते पटलं. कॉर्डाइटचं खरं आहे, वडील काडतुसाचा पट्टा उन्हात ठेवू द्यायचे नाहीत, सावलीत, ओल्या फडक्याजवळ पण फडक्यात नाही. आम्हाला वाटायचं उगाच सोवळं.

.४७० चा जन्म कसा झाला तेही सांगून टाका कोणीतरी. नाहीतर मीच सांगतो. १९०७ च्या आसपास इंग्रजांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आणली, सरहद्दीवरच्या बंडखोरांच्या हातात जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्याच बोअरच्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून. मग विलायतच्या बंदूकवाल्यांनी काय केलं, .४६५, .४७०, .४७५ अशी जराजराशी वेगळी मापं काढली आणि शिकाऱ्यांना विकली. काम तेच, नंबर वेगळा. सरकारी बंदीतून धंदा कसा निघतो बघा.

कातळसडा
म्हणजे तेव्हाही आपल्याकडे नियमातून पळवाट आधी, मग माल.

खाजणातलो_खेकडो
गव्याक कितीची लागता?

वकीलवाडी
@खेकडो, गव्याला वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची लागते. म्हणजे हात लावायचा नाही.

बरं, इतका वेळ गप्प होते पण मामांच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ खाली दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. मामांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आणि ठरावीक काडतुसं विकत घेण्याचा. त्यात घरी काडतूस भरणं बसत नाही. "माझीच केस, माझ्याच बंदुकीसाठी" हे कोर्टात चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेत परवानाधारकाला भरता येतात पण तिथेही साध्या परवान्यावर एका हत्यारामागे २०० च काडतुसं ठेवता येतात, पाहुणा सांगतील. मोकाट तिथेही नाही.

आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद. शेतीचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, बंदूक परवान्यावर "शेतीसंरक्षण" लिहिलं म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही. हा गैरसमज आपल्याकडे प्रत्येक वाडीत आहे.

ओलेकाजू
वकीलताई, लेखी परवानगी हातात येईपर्यंत डुकराची नातवंडं येतात बागेत.

वकीलवाडी
खरं आहे. तरी फासकी आणि गावठी बाँब नको हो. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वाडीत पाडीच्या तोंडात फुटला. ते बघवत नाही.

खाजणातलो_खेकडो
ह्या मात्र खरा. बाँब लावणाऱ्याक पयलो बांधून घालूक होयो.

बाराबोअर
ठासणीवाल्यांसाठी एक, विषय निघालाच आहे म्हणून. काळी दारू आणि काडतुसातली बिनधुराची पावडर ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोणी शहाणा जुनं काडतूस फोडून आतली पावडर ठासणीत घालेल तर नळी केळीच्या सालीसारखी उघडेल. हा प्रकार घडलेला आहे, नावगाव सांगत नाही. आणि खेकडो, तुमची ती नळी गरम पाण्याने धुवा, काळ्या दारूचं मीठ तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघतं. मग कोरडी करून तेल. आपल्याकडच्या पावसाळी हवेत एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी तांबडी.

लिम्पोपोचा_पाहुणा
काकांचं मिठाचं जुन्या काडतुसांनाही लागू. त्या काळच्या प्रायमरमधून जे क्षार नळीत उरायचे ते हवेतलं पाणी ओढतात. दादा, मामांची काडतुसं म्हणून अजिबात उडवू नका, भरायचं तर लांबच. त्यात बहुधा बर्डन प्रायमर असणार, म्हणजे केसच्या बुडाला आतून मधोमध एक भोक नसून दोन बारीक भोकं असतात, साध्या डायची पिन त्यात घातली तर मोडते. शिवाय काही जुन्या प्रायमरमध्ये पारा असायचा, तो पितळ ठिसूळ करतो, वरून केस नवी दिसते आणि दाबली की चिरते. माझ्याकडे अशी काही आली होती जुन्या लिलावात, ती पोलिसांकडे दिली.

आणि "कमी भरलं की धोका नाही" असंही डोक्यात घेऊ नका कोणी. मोठ्या केसमध्ये सावकाश जळणारी पावडर अर्धवट भरली तर ती कधी उशिरा पेटते आणि कधी अचानक भलताच दाब काढते. मॅन्युअलचं खालचं टोक हे खालचं टोकच असतं.

बाराबोअर
पाहुणा, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही एवढं सगळं करून वर्षाला किती जनावरं मारता?

लिम्पोपोचा_पाहुणा
राग कसला काका. मोठ्या बोअरने, फार तर एखादं, कधी नाहीच. बाकी सगळी कागदावर. बायको म्हणते कागदाच्या जीवावर उठलायस.

गुरुजी_देवरूख
म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर असं दिसतंय की कारखान्याचं काडतूस सगळ्या रायफलींसाठी असतं आणि घरचं एका रायफलीसाठी.

बाराबोअर
गुरुजी, दुनळीला हे मान्य. साध्या एकनळीला, बोल्ट रायफलीला, आजचं चांगलं कारखान्याचं काडतूस घरच्याइतकंच बसतं, उगाच मोठेपणा नको. सुरमई म्हणतील नाही.

सुरमई_अलास्का
म्हणतील काय, म्हणतोच :) पण फरक दुनळीइतका नसतो हे कबूल. तिथे खरा फायदा सरावाचा आणि बुलेट निवडायचा.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे आभार. मामांना फोन केला. ते म्हणाले "दोन नळ्या आत वळलेल्या असतात? मग आमची वाकडी नाहीये तर!" आजोबांच्या वेळेपासून घरात सगळे समजत होते की ती रायफल पडून वाकलीय, म्हणून कोणी वापरली नाही. नळीवरच्या कोरीव अक्षरात बोअर, पावडरचं वजन आणि बुलेटचं वजन लिहिलंय असंही ते आता भिंग घेऊन सांगतायत.

@वकीलवाडी ताई, काडतुसांच्या डब्याचं काय करायचं? आणि मामा आता पंचाहत्तरीला आले, परवाना पुढे मामेभावाच्या नावावर होतो का?

वकीलवाडी
काडतुसं परवान्यावर नोंदलेली असतील तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा, लेखी पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. नोंदलेली नसतील तर आधी वकिलाला भेटा, डबा पिशवीत घालून एसटीने नेऊ नका.

परवान्याचं होतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल तर हयातीतच कायदेशीर वारसाकडे देता येतं, वारसाने स्वतःचा अर्ज करायचा, पोलीस पडताळणी वगैरे नेहमीचं. मामेभावाच्या नावावर आधीच दोन हत्यारं नाहीत ना बघा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच.

वाशिष्ठीकाठ
त्याच्या नावावर फक्त एक कर्ज आहे.

सराफकट्टा
रिकामा पुठ्ठ्याचा डबा फेकू नका, जुन्या डब्यांचे शौकीन असतात. माल जमा करा, डबा ठेवा.

ओलेकाजू
सगळं झालं. माकडांचं कोणीच सांगितलं नाही.